आजोबांची गढी इंदापुरात, मामाचं ठाणं सुप्यात

दोस्तांनो, मामाचा गाव म्हटलं की आंबे आणि लाड आठवतात ना? पण एक भाचा सणाला मामाकडे गेला आणि मामालाच कैद करून आला! गाव आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे. आणि भाचा? खुद्द शिवराय!

हे कोडं सोडवायला वही घ्या अन् वंशवृक्ष काढा. सगळ्यात वर लिहा मालोजीराजे भोसले. इंदापूरच्या लढाईत ते धारातीर्थी पडले. त्यांची गढी इंदापुरात आहे. त्यांची पत्नी उमाबाई नीरा नदीपलीकडच्या फलटणच्या, निंबाळकरांची लेक. त्यांना दोन मुलगे झाले. शाह शरीफ या पीराच्या नावावरून थोरल्याचं नाव ठेवलं शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी. हे शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. त्यांचं नाव विसरू नका हं, पुढे लागणार आहे.

शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे होतं. सिंदखेडच्या जाधवांच्या जिजाबाई ही त्यांची थोरली राणी. संभाजी आणि शिवाजी (जन्म १६३०) हे तिचे मुलगे. दुसरी राणी तुकाबाई मोहिते, तिचा मुलगा व्यंकोजी. सुप्याचा कारभार बघणारे संभाजी मोहिते हे तुकाबाईंचे भाऊ. म्हणजे व्यंकोजींचे सख्खे आणि शिवरायांचे सावत्र मामा!

सभासद बखरीत सांगितलंय, की शिवराय शिमग्याचं पोस्त, म्हणजे सणाची खुशाली, मागायला मामाकडे गेले. मामा बेसावध होते. शिवरायांनी त्यांना पकडून सुपे ताब्यात घेतलं आणि त्यांची रवानगी केली थेट कर्नाटकात, शहाजीराजांकडे. घरातल्याच माणसावर हात टाकायचा, वडील काय म्हणतील? शिवरायांना ही चिंता नसेल असं मला तरी वाटत नाही. पण स्वराज्याच्या ऐन मध्यावर दुसऱ्याचं ठाणं कसं चालणार?

व्यंकोजी पुढे तंजावरचे राजे झाले. त्यांच्या एका मुलाचं नाव होतं सरफोजी. ओळखलंत? शरीफजीचंच हे बदललेलं रूप! या घराण्यात दत्तक आलेले दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर बसले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच भरभराटीला आणलं. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. तमिळ मुलखात, पण चक्क मराठीत! तंजावरला गेलात तर तो लेख नक्की बघा.