रोजचा हिशेब, पाच वर्षांचा हिशेब

पवनी तालुक्यातील कोंढा येथे नागरिकशास्त्र शिकवताना अनेक वर्षे मी एकच चूक करीत आलो. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ असे तीन चौकोन फळ्यावर काढायचे, व्याख्या उतरवून द्यायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. मुले व्याख्या पाठ करीत, गुणही मिळवीत. एकदा रोवणीच्या दिवसांत एका मुलीने विचारले, "गुरुजी, पंतप्रधानाले काहाडता येते, अमेरिकेच्या अध्यक्षाले सहज येत नाही, मंग सरपंचाले?" त्या प्रश्नाने मला पुन्हा विद्यार्थी केले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा हाताळला होता. १७८७ च्या अमेरिकी संविधानाने सत्तेच्या तीन शाखा वेगळ्या केल्या. अध्यक्षाचा कार्यकाळ ठरलेला. महाभियोगाची अवघड वाट सोडली, तर प्रतिनिधिगृह त्याला हटवू शकत नाही. त्याचे मंत्रीही काँग्रेसचे सदस्य नसतात. संसदीय पद्धतीत मात्र सरकार सभागृहाच्या विश्वासावर उभे असते. प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून त्याचा हिशेब रोज होतो आणि निवडणुकीत मतदार तो पुन्हा घेतात. बाबासाहेबांच्या मते कार्यकारी मंडळाला स्थैर्य हवे आणि उत्तरदायित्वही हवे; पण दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाने अमेरिकी पद्धत पुरती समजून घेऊनच बाजूला ठेवली होती. त्याच बाबासाहेबांचा १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आमच्याच भंडारा मतदारसंघात पराभव झाला, हे सांगितले की वर्ग क्षणभर गप्प होतो.

आता सरपंच. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये थेट निवडणूक आणली, २०२० मध्ये ती रद्द केली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली. म्हणजे दिल्लीत संसदीय पद्धत आणि गावात थोडी अध्यक्षीय! थोडी एवढ्यासाठी, की सरपंच पंचायतीतच बसतो आणि सदस्य अविश्वास ठराव आणू शकतात. मात्र थेट निवडलेल्या सरपंचाच्या बाबतीत त्या ठरावावर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब व्हावे लागते. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच: काढता येते, पण शेवटचा शब्द गावाचा.

मग रोजचा हिशेब कोण घेणार? तोही ग्रामसभेनेच घ्यायचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान दिले. आपल्या राज्यात गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच उरत नाही. मोजकी माणसे बसून ठराव करतात. बाकीचे बांधीत चिखल तुडवीत असतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला ठाऊक नव्हते.

आता मी चौकोन काढत नाही. मुलांना गृहपाठ देतो: पुढच्या ग्रामसभेची नोटीस शोधा आणि घरच्यांना वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "आईनं इचारलं, मले बोलू देतीन का?" मी तिला कायद्याचे कलम सांगितले. आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र गावालाच द्यायचे आहे.