गिफ्ट
जर्मन व स्वीडिश या दोन्ही भाषांत एकाच वर्णक्रमाने लिहिला जाणारा शब्द. जर्मनमध्ये त्याचा उच्चार ‘गिफ्ट’ व अर्थ ‘विष’ असा आहे. स्वीडिशमध्ये तो ‘यिफ्ट’ असा उच्चारला जातो. नाम म्हणून त्याचा अर्थ ‘विष’, तर विशेषण म्हणून ‘विवाहित’ असा होतो. वरवर असंबद्ध भासणाऱ्या या दोन्ही अर्थांचे मूळ ‘देणे’ या एकाच कल्पनेत आहे.

हा शब्द जर्मानिक भाषासमूहातील ‘देणे’ या अर्थाच्या धातूपासून (जर्मन गेबेन, स्वीडिश यीवा) सिद्ध झाला. प्राचीन उच्च जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘दान, देणगी’ असाच होता. ‘विष’ हा अर्थ त्याला ग्रीक ‘दोसिस’ या शब्दाच्या अनुकरणाने लाभला. दोसिस म्हणजे मुळात ‘देणे’. पुढे वैद्यकात ‘औषधाची मात्रा’. संस्कृत ‘दा’ (दान) हा धातू याच शब्दाचा सगोत्र असून मराठीत रूढ झालेला ‘डोस’ त्याचाच वंशज आहे. विषाचा स्पष्ट निर्देश टाळून ‘दिलेली मात्रा’ असे म्हणण्याच्या सौम्योक्तीतून कालांतराने विष हाच मुख्य अर्थ ठरला. फ्रेंचमधील विषवाचक शब्दही अशाच रीतीने ‘पेय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. स्वीडिशमध्ये विष हा अर्थ जर्मनच्या प्रभावाने आला.

विवाहविषयक अर्थ मात्र स्वीडिशमध्ये जुना आहे. तेथे ‘यिफ्ट’ हे मूलतः ‘विवाहात दिलेली’ या अर्थाचे कृदन्त होय. स्वीडनच्या १७३४ च्या विधिसंहितेत वधूचा विवाह करून देण्याचा अधिकार असलेल्या पालकास ‘यिफ्टूमान’ अशी संज्ञा होती. १८७२ मध्ये सज्ञान अविवाहित स्त्रीला अशा संमतीवाचून विवाह करण्याची मुभा मिळाली. संस्था लोपली, तरी शब्द टिकला. आज तो स्त्री व पुरुष दोघांनाही सारखाच लागू पडतो.

जर्मनमध्ये जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ (वधूबरोबर दिलेले धन) या शब्दात उरला आहे. त्याचे लिंग स्त्रीलिंगच राहिले, तर विषवाचक ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी झाला. इंग्रजीतील ‘गिफ्ट’ (भेटवस्तू) हा याच शब्दाचा सगोत्र असून प्राचीन इंग्रजीत त्याला ‘वधूमूल्य’ असा अर्थ होता; आजचा अर्थ प्राचीन नॉर्सच्या प्रभावाने रूढ झाला. रूपसाम्यावरून अर्थसाम्य गृहीत धरणे भाषांतरात किती घातक ठरू शकते, याचे हा शब्द उत्तम उदाहरण आहे.