अनाथाश्रमाला भेट द्यायची, पण मूल अनाथ आहे का?

ज्यांना भाग ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना सुटलेले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, एवढंच.

आजचा विषय मेलबर्नच्या एका श्रोत्या ताईंनी दिला. त्यांच्या चर्चमधली तरुण मुलं सुट्टीत दोन आठवडे कंबोडियातल्या एका अनाथाश्रमात जातात. भिंती रंगवतात, गाणी शिकवतात, लहान मुलांशी खेळतात. ताईंच्या मुलीलाही जायचंय. पाठवू का, असं त्या विचारतात. मला वाटतं, आधी दुसरंच काहीतरी विचारायला हवं: त्या आश्रमातल्या मुलांचे आईवडील कुठे आहेत?

कंबोडिया म्हटलं की ख्मेर रूजचा संहार आठवतो, आणि तिथे अनाथ मुलं खूप असणार असं आपण गृहीत धरतो. पण ती राजवट १९७९ साली संपली. २०१० साली आश्रमात असलेलं दहा वर्षांचं मूल त्या संहारातलं अनाथ असूच शकत नाही. तरीही २००५ मध्ये तिथे १५४ निवासी बालसंस्था होत्या, त्या २०१० पर्यंत २६९ झाल्या. पाच वर्षांत पाऊणपट वाढ! आणि त्या मुलांपैकी साधारण चारातल्या तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी पालक, हयात होते. ही माहिती तिथल्या सरकारच्या आणि युनिसेफच्या पाहणीतली आहे.

मग अनाथ वाढले नाहीत तर वाढलं काय? पाहुणे वाढले. बऱ्याच संस्था नॉम पेन्ह आणि सिएम रीप अशा ठिकाणी आहेत, जिथे परदेशी पर्यटक पोचतात. सिएम रीप म्हणजे अंगकोर वाटच्या शेजारचं शहर. नेपाळमध्येही हेच दिसतं. तिथले बहुतेक बालआश्रम काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटनाच्या पट्ट्यात आहेत. गरिबी मात्र डोंगरातल्या दूरच्या जिल्ह्यांत जास्त.

मूल तिथे पोचतं कसं, ते सांगतो. गावात कुणीतरी ओळखीचा माणूस येतो. 'शहरात चांगली शाळा आहे, इंग्रजी शिकवतात, जेवण फुकट, परदेशी लोक मदत करतात.' आई विधवा असते, किंवा बाप मजुरीसाठी लांब गेलेला असतो. तिला वाटतं, पोराचं भलं होईल. आपल्याकडे मुलाला वसतिगृहात ठेवताना जे वाटतं, तेच. फरक एवढाच, की तिकडे कागदावर ते मूल अनाथ होतं. नेपाळमध्ये तर खोटे मृत्यूचे दाखले तयार केल्याचं उघड झालंय. अशा मुलांना 'कागदी अनाथ' म्हणतात.

सगळे आश्रम असे नाहीत, हेही सांगायला हवं. प्रामाणिकपणे चालवलेले आहेत, आणि खरंच कुणी नसलेली मुलंही आहेत. पण पाहुण्यांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेचं गणित पाहा. खाटा भरलेल्या असल्या तरच पैसे येतात. मूल घरी परत गेलं की एक देणगीदार कमी. जाणाऱ्याच्या मनात हे काहीच नसतं. तो स्वतःच्या खिशातून तिकीट काढून प्रेमाने जातो, पण त्याच्या येण्यावरच ती खाट टिकून असते.

आता मुलांबद्दल. परत आलेली माणसं हमखास सांगतात, 'आम्ही गेलो आणि पाच मिनिटांत पोरं गळ्यात पडली.' हे ऐकून मला कसंतरी होतं. रोमानियात बुखारेस्टला २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, संस्थांमधल्या १३६ लहानग्यांचा. काहींना पालक कुटुंबात पाठवलं, काही संस्थेतच राहिले. त्यात एक चाचणी होती. दारात अनोळखी बाई येऊन मुलाला 'चल माझ्याबरोबर' म्हणते. घरात वाढलेली फारच थोडी मुलं गेली. संस्थेचा अनुभव असलेली कितीतरी जास्त गेली. म्हणजे ते गळ्यात पडणं हे प्रेम असेलच असं नाही. आपलं माणूस कोण, हे मुलाला कळेनासं झाल्याचंही ते लक्षण असू शकतं. त्यात दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा येतो, आणि जाताना 'पुन्हा येईन' म्हणतो.

ख्रिस्ती श्रोत्यांना याकोबाच्या पत्रातलं वचन आठवलं असेल, पहिल्या अध्यायातलं सत्ताविसावं. अशा सहलींच्या पत्रकांवर ते बऱ्याचदा असतं. त्यात अनाथांबरोबर विधवांचाही उल्लेख आहे, दोघांची संकटात काळजी घ्या असा. पत्रक छापताना विधवा गळते! आणि कंबोडियातल्या कितीतरी आश्रमांत जे मूल आहे, त्याची आई म्हणजे तीच विधवा, गावात एकटी.

आपल्याकडचं केडगाव घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मुली आणि विधवा दोघींनाही आसरा दिला. परदेशातून आलेल्या मिनी एब्रम्ससारख्या बाया तिथे वर्षानुवर्षं राबल्या. दोन आठवड्यांच्या पाहुण्या नव्हत्या त्या.

ताईंच्या देशाने तर याची कायद्याच्या पातळीवर दखल घेतली आहे. २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी, अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार आहे असं ऑस्ट्रेलियाने मान्य केलं. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अशा भेटींचा धोका नोंदवला गेला.

मग ताई, मुलीला घरी बसवायचं का? नाही. गटप्रमुखांना सरळ विचारा: या मुलांपैकी किती जणांचे पालक हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली? आमच्या मुलांची पोलीस तपासणी कोण करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. चर्चला मदत करायचीच असेल, तर मुलाला आईजवळ ठेवून शाळेची फी, शिवणयंत्र, औषधं पुरवणाऱ्या संस्था कंबोडियात आहेत. तिकिटांचे पैसे तिकडे वळवता येतील. मुलीला अंगकोर वाट पाहायला मात्र जरूर पाठवा, पर्यटक म्हणून.