पितळी पुंगळ्यांची निवड : लॉट मिसळू नका

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानातून एका शाळेच्या गणवेशासाठी निळ्या कापडाचे तागे गेले. गिरणी एकच, शेड नंबर एकच, पण रंगाईचे लॉट दोन. घाईत तागे मिसळले गेले. मुले उन्हात रांगेत उभी राहिली तेव्हा एका निळ्याचे दोन निळे दिसले. माल परत आला, शिलाईचा खर्चही आम्हालाच सोसावा लागला. तेव्हापासून लॉट नंबर पाहिल्याशिवाय आम्ही तागा फोडत नाही.

हाच धडा आम्हाला अमेरिकेत, अगदी वेगळ्या कामात पाहायला मिळाला. आमचा भाचा तिथे नेमबाजीच्या क्लबात जातो. तिकडचे बरेच हौशी नेमबाज उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाहीत. ती साफ करून पुन्हा भरतात. यात पैसे वाचतात हे खरे, पण मुख्य कारण नेम हे आहे. प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखे असेल तरच गोळ्या एका जागी बसतात.

काडतुसाचे भाग चार : गोळी, दारू, बुडातील प्राइमर आणि या तिघांना धरणारी पुंगळी. पहिले तीन भाग एकदाच कामाला येतात, पुंगळी मात्र अनेकदा. तिचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. बार उडाला की पुंगळी फुगून बंदुकीच्या चेंबरला चिकटते, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते.

भाच्याच्या टेबलावर पुंगळ्यांचे वेगवेगळे डबे होते. आम्ही म्हटले, "सगळ्या तर सारख्याच दिसतात." तो म्हणाला, "मामू, बाहेरून सारख्या आहेत. आतून नाहीत."

त्याची पहिली छाननी बुडावरच्या छापाची. फिनलंडची लापुआ, स्वीडनची नॉर्मा, अमेरिकेची विंचेस्टर, प्रत्येकाची भिंत कमीजास्त जाड असते. लष्करी पुंगळ्या पुष्कळदा जाड असतात. बाहेरचे माप तेच आणि भिंत जाड, म्हणजे आतली जागा कमी. कमी जागेत तितकीच दारू भरली तर दाब वाढतो. नेम चुकतो हे तर झालेच, पण दारू आधीच पूर्ण मापाची असेल तर जिवालाही धोका. म्हणून वेगळा छाप, वेगळा डबा.

दुसरी छाननी लॉटची आणि वयाची. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. शिवाय प्रत्येक वेळी फुगून आणि पुन्हा दाबली जाऊन पुंगळीची मान कडक होत जाते. कडक मान गोळीला वेगळ्या जोराने धरते. एकदा उडवलेली आणि पाचदा उडवलेली पुंगळी म्हणून एकत्र ठेवत नाहीत. डब्यावर आकडा लिहितात. मान तापवून नरम करायची तर सगळ्या डब्याची एकदम करतात. बुडाला मात्र आंच लागू देत नाहीत, कारण बूड नरम पडले तर पुंगळी दाब सोसणार नाही.

तिसरी तपासणी खराब माल काढण्याची. मानेला चीर आहे का, प्राइमरचा खळगा सैल झाला आहे का, बुडाच्या थोडे वर चकाकती रेघ दिसते का. ती रेघ म्हणजे भिंत आतून झिजल्याची खूण. वाकवलेली तार आत फिरवली की खाच लागते. अशी पुंगळी थेट भंगारात. मग लांबी पाहतात. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच; वाढलेली असेल तर कापून सारखी करतात.

बरेच जण पुंगळ्या तोलून गट पाडतात. यात एक फसगत आहे. वजनाचा फरक बुडाच्या कडेत किंवा खाचेतही असू शकतो, आणि त्याने आतल्या जागेत काही बदल होत नाही. खरे माप हवे तर पुंगळी पाण्याने भरून पाण्याचे वजन घेतात. मानेची जाडी सगळीकडून सारखी आहे का, हे मायक्रोमीटरने पाहतात. म्हणजे मोजायला सोपे ते नव्हे, तर ज्याने फरक पडतो ते मोजायचे.

पितळाची आणखी एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेल्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. तबेल्यातील घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, ही दोन कारणे एकत्र आली की पितळ फाटते, असे १९२१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. बेताची आंच देऊन ताण काढणे हा त्यावरचा उपाय. पितळेचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांनीही अमोनिया असलेल्या पॉलिशपासून माल जपावा.

एक खबरदारी सांगणे जरूर आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे. ही हौस इथे करण्याची नाही. पितळेच्या भंगारात जिवंत काडतूस आढळले तर ते ठोकू नका, भट्टीजवळ नेऊ नका, पोलिसांना कळवा.

व्यापाऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच. छाप पाहा, लॉट वेगळा ठेवा, मालाचे वय लिहून ठेवा. छाननीला लागणारा एक तास महाग वाटतो. परत आलेल्या मालाचा हिशेब आम्ही केला आहे, तो त्याहून महाग पडतो.