शिफारस कुणाची आणि वजन किती?

दोस्तांनो, समजा तुमच्या आळीत नवीन बिऱ्हाड आलं. त्यांना चांगला डॉक्टर हवाय. ते काय करतील? चार जणांना विचारतील. तिघांनी एकच नाव सांगितलं, तर ते लक्षात राहील. त्यात तुमच्या मुख्याध्यापकांनीही तेच नाव घेतलं, तर मग बघायलाच नको!

इंटरनेटवरही असंच घडतं, बरं का! ‘फुलपाखरू’ हा शब्द शोधला की पानांचा ढीग समोर येतो. त्यातलं पहिलं कुठलं दाखवायचं? १९९६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे दोन विद्यार्थी याच कोड्यामागे लागले होते. तेव्हाची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. मग लबाड मंडळी एकच शब्द शंभरदा लिहून ठेवत! या दोघांनी ठरवलं, की दुसरी किती पानं या पानाकडे बोट दाखवतात, तेही मोजायचं. हे बोट म्हणजेच ‘लिंक’. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘पेजरँक’. तिच्याच जोरावर १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली.

पण सगळ्या बोटांचं वजन सारखं नसतं. एका पानाचं वजन ६ आहे आणि त्यावर ३ लिंक आहेत असं धरू. मग प्रत्येकीच्या वाट्याला २ येतात. लिंक १२ असतील, तर फक्त अर्धा! ऊठसूट सगळ्यांचीच शिफारस करणाऱ्याच्या शब्दाला किंमत ती काय?

मग लोक शिफारशी विकत घेऊ लागले. २०११ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने असंच एक बिंग फोडलं. अमेरिकेतलं एक मोठं दुकान कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शोधांत पहिलं येत होतं. कारण? काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर त्याच्या लिंक पेरलेल्या होत्या! गूगलने कारवाई केली आणि दुकान धाडकन खाली आलं. २०१२ मध्ये अशा लबाड्या पकडण्यासाठी गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणली. आता लिंकशिवाय इतरही कितीतरी गोष्टी तपासल्या जातात.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिला नंबर म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. यंत्र बोटं मोजतं. खरंखोटं आपणच पारखायचं. तेव्हा प्रकल्पाच्या वहीत पहिलं पान जसंच्या तसं उतरवण्याआधी थांबा. ते कुणी लिहिलंय? का लिहिलंय? आणखी दोन ठिकाणी तेच सापडतं का? आई-बाबांनाही सोबत घ्या. शोध घ्यायला मजा येईल!