निरोगी शुक्राणू निवडतात कसे?

लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की औंढा असो वा सेनगाव, दवाखान्यात आधी सुनेला नेतात. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते, गर्भनलिकांचा एक्स-रे निघतो. नवऱ्याची वीर्य तपासणी सगळ्यात शेवटी, तीही कुरकुरत. वास्तविक मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते. कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. शिवाय ही तपासणी स्वस्त आणि बिनत्रासाची.

नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. नमुना तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. त्यामुळे खेड्यातून डबीत घालून आणण्यापेक्षा तिथेच दिलेला बरा. अहवालात ‘योग्य आकाराचे शुक्राणू ४ टक्के’ असे वाचून अनेकजण धसका घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत ४ टक्के हीच खालची मर्यादा आहे. निसर्गतः बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच असतात!

म्हणून उपचारात निवड आलीच. वीर्यावर पोषक द्रव ठेवून नळी शरीराइतक्या उबेत ठेवली, की चपळ शुक्राणू पोहत वर येतात. दुसऱ्या पद्धतीत कमी-जास्त घनतेच्या द्रवांचे थर करून नळी यंत्रात फिरवतात. चांगले शुक्राणू तळाशी जमतात. बोलीभाषेत यालाच ‘वॉश’ म्हणतात.

१९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या काळच्या आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्राणू सोडत. त्यातला एक आपोआप आत शिरे. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून ‘इक्सी’ आले. यात एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, आणि तो कोणता हे सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला तज्ज्ञ ठरवतो. त्याला आकार दिसतो, हालचाल दिसते. आतला डीएनए तुटका आहे का, ते दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या पद्धती निघाल्या. बीजाभोवतीच्या हायलुरोनन या पदार्थाला चिकटणारा शुक्राणू परिपक्व समजून घ्यायचा, ही त्यातली एक. ब्रिटनमध्ये २,७०० हून अधिक जोडप्यांवर ती तपासली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: गर्भपात थोडे कमी दिसले, पण मुले जन्मण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. तेव्हा हळदीच्या पट्टीचे पैसे अशा जादा पद्धतीवर लावण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आमच्या बाबतीत हिचा काय उपयोग?’

एक गोष्ट मात्र विचारूच नका. ‘निवडायचाच तर मुलाचा निवडा’ म्हणणे गुन्ह्याकडे नेते. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याने बंद आहे. शिवाय केंद्राची २०२१ च्या एआरटी कायद्याखाली नोंदणी आहे का, हे पाहून घ्या.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज तंबाखू, दारू सोडली तर फरक दिसायला तीनेक महिने जातात. पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर एवढे थांबावे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. तंबाखूची पुडी मात्र आजच टाका.