घराचा अंदाज आणि दुकानाचे भांडवल

मालाची खरेदी करताना आपले व्यापारी बंधू पै-पैचा विचार करतात. वाहतूक, हमाली, तूट, उधारीवरील व्याज हे सारे धरूनच भाव ठरवितात. परंतु हेच गृहस्थ स्वतःचे घर बांधावयास निघाले म्हणजे चौरस फुटाचा दर विचारतात, त्याला क्षेत्रफळाने गुणतात आणि येणाऱ्या आकड्यालाच खर्च समजतात. आम्हीही तेच केले. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोचतो.

२०२१ च्या दिवाळीनंतर निपाणीत वडिलार्जित जागेवर दुमजली घर बांधण्याचे ठरले. क्षेत्र १,८०० चौरस फूट, दर २,००० रुपये, म्हणजे एकूण ३६ लाख. गृहप्रवेश होईपर्यंत ५१ लाख ६० हजार खर्ची पडले. कंत्राटदाराने आम्हांस फसविले असे मुळीच नाही. दरात काय काय येते हे त्याने सांगितले होते. काय येत नाही, हे आम्ही विचारले नाही. कुंपणाची भिंत व फाटक, कूपनलिका, जमिनीखालील टाकी, कपाटे व स्वयंपाकघरातील लाकूडकाम, वीज-पाण्याची जोडणी यांतील एकही बाब त्या ३६ लाखांत नव्हती. उभी झालेली एक भिंत घरच्या मंडळींच्या आग्रहाने पाडून पुन्हा बांधली, तिचे ९० हजार वेगळेच. (त्या आग्रहात आमचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे.)

पायाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. बेळगावात आमच्या मेहुण्यांनी घर बांधले, तेथे थोड्या खोलीवरच घट्ट जांभा लागला. त्यांच्याच हिशेबावरून आम्ही आपला पाया धरला. निपाणी-चिकोडीकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत ठेवली तर भिंतीलाही भेगा जातात. मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागले आणि पाया व जोते मिळून २ लाख ४० हजार वाढले. नकाशा काढण्यापूर्वी दोन ठिकाणी खड्डे घेऊन जमीन पाहिली असती, तर हा आकडा निदान आधी कळला असता. नदीकाठच्यांनी जोत्याची उंचीही याच वेळी ठरवावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मृग नक्षत्रापूर्वी स्लॅब झालाच पाहिजे, या घाईत मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात सात टन सळई घेतली. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यापासून लोखंडाचे भाव भडकले होते. २२ मे रोजी केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसविला आणि भाव उतरू लागले. तोवर आमचा स्लॅब पडून त्यावर पाणी मारणे चालू होते! असे योग कोणाच्याच हाती नसतात. म्हणूनच सिमेंट-सळईच्या रकमेवर निदान दहा टक्के अधिक धरून ठेवावेत, असे आम्ही आता प्रत्येकास सांगतो. भाव उलटही फिरतो, ही गोष्ट निराळी: सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्यापूर्वीची अंदाजपत्रके नव्याने मांडावी लागतील.

कराराचा प्रकारही आधी ठरवावा. एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी केवळ मजुरीचा करार केला तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत कंत्राटदारास मालासकट काम दिले तर १८ टक्के लागतो. जागाच विकत घ्यावयाची असेल त्यांनी मुद्रांकाबरोबर नोंदणी शुल्क पाहावे. कर्नाटकात ते ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस १ टक्क्यावरून २ टक्के झाले. आपल्याकडे आणखी एक किरकोळ खर्च असतो, तो इतरत्र कोणी धरीत नाही. आजोबांच्या वेळचे कागद मोडीत, वडिलांचे मराठीत आणि १९५६ नंतरचे बहुतेक कन्नडमध्ये. ते वाचून अर्थ सांगणाऱ्या जाणत्या माणसाचे शुल्क देण्यात काटकसर करू नये.

आता मुख्य मुद्दा. बँकेचे २४ लाख मंजूर होते. ते कामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्याहप्त्याने मिळत, म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधी आपला पैसा घालावा लागे. वाढलेल्या १५ लाख ६० हजारांपैकी चार लाख घरातून निघाले. उरलेले ११ लाख ६० हजार आम्ही कापडाच्या दुकानातून उचलले, आणि तेही दिवाळीच्या तोंडावर. सुरतेच्या मालावर रोखीची सूट मिळते ती त्या वर्षी गेली. माल उधारीवर व कमी भरला. तुळशीच्या लग्नानंतर बस्ते बांधावयास येणारी वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके कपाटे पाहून मुकाट्याने कोल्हापूरकडे वळली. नवीन घराच्या ओसरीवर बसून आम्ही रिकाम्या गादीची चिंता करीत होतो. धाकटे बंधू एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त खतावणीत ‘इमारत खाते’ असे वेगळे पान उघडले आणि दुकानातून गेलेली प्रत्येक रक्कम आमच्या नावे लिहिली. पहिल्या दिवशीच आम्ही ते पान उघडले असते, तर तिसऱ्या महिन्यातच हात आखडला असता.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आपण दर्शनासाठी पाहतो. १२०४ च्या सुमारास ती उभारली गेली, तेव्हा बांधून झाल्यावर चालवावयाचे कसे, याचीही तरतूद केली होती. जमीन आणि व्यापारी मालावरील जकात तिच्या नित्य खर्चासाठी लावून दिल्याचे शिलालेखांत आहे. आम्ही मात्र घरपट्टी आणि रंगाचा खर्चसुद्धा धरला नव्हता.

आमचे ‘इमारत खाते’ अद्याप बंद झालेले नाही. दर दिवाळीस थोडी रक्कम जमा होते आणि बाकी पुढे ओढली जाते. २०२५ च्या वहीपूजनास बंधूंनी नव्या वहीत ती स्वतःच्या हाताने मांडली: रुपये ३,४०,०००.